नाल्याच्या अलीकडची खोली

आधी माफी मागतो. लिहिणे हे माझे काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेले नव्हते. वडील खानदेशातून देवासला कारखान्यात कामाला आले आणि तिथेच राहिले. माझी शाळा हिंदीत झाली. मराठी घरात बोलण्यापुरती होती. लिहायला शिकलो ती विसाव्या वर्षी, धारच्या एका वृद्ध गृहस्थांकडून, एका अर्जाच्या निमित्ताने. त्या अर्जात जे लिहायला हवे होते ते मी लिहिले नाही. ते आता लिहून काही उपयोग नाही हे मला कळते. तरी लिहितो आहे, म्हणून माफी. नावे मात्र इथेही घालणार नाही. ज्यांची घालायला हवी होती त्यांची तेव्हा घातली नाहीत. आता कोणाचीच घालण्याचा मला हक्क नाही असे वाटते.

मी धारला शिकायला गेलो ते आत्यामुळे. वडिलांची ही थोरली बहीण लवकर विधवा झाली, नर्सिंगचे शिक्षण घेतले आणि धारच्या एका छोट्या सेवा मंडळात सुईण म्हणून लागली. मंडळाने तिला तिरल्याच्या पुढच्या एका गावात ठेवले होते. मॅट्रिक झाल्यावर वडील मला कारखान्यात चिकटवणार होते. आत्या देवासला आली आणि म्हणाली, "याला माझ्याकडे दे. घरात एकाला तरी कागद लिहिता येऊ दे." फी तिने भरली. मी धारला एका खोलीत राहू लागलो आणि रविवारी बसने तिच्या गावी जाऊ लागलो.

बस गावात जात नसे. गावाच्या अलीकडे एक नाला होता. उन्हाळ्यात त्यात बकऱ्या चरत, आणि पावसाळ्यात तो दोन-दोन, तीन-तीन दिवस कोणाला पलीकडे जाऊ देत नसे. बस नाल्याच्या अलीकडे सोडून परत तिरल्याकडे वळायची. बाळंतपण अडले तर बाईला खाटेवर घालून नाला ओलांडायचा, रस्त्यावर बस किंवा ट्रकची वाट बघायची आणि धारचे इस्पितळ गाठायचे. नाला भरलेला असला तर काहीच करता येत नसे.

आत्याच्या डोक्यात एक साधी गोष्ट होती. रस्त्याच्या बाजूला, नाल्याच्या अलीकडे, एक पक्की खोली. नववा महिना लागला की बाईने तिथे येऊन राहायचे. सोबत सासू नाहीतर आई. मग नाला भरो नाहीतर न भरो, बाई रस्त्यावरच असेल. जागा द्यायला गावचा एक शेतकरी तयार होता. वीटभट्टी शेजारीच होती. "पैसे हातात आले की दोन महिन्यांत उभी करीन," आत्या म्हणायची. मंडळाकडे पैसे नव्हते. पुण्यात एक धर्मादाय संस्था होती, ती अशा कामांना मदत देते असे मंडळाच्या चिटणिसांना कळले होते. अर्ज मराठीत चालणार होता. तो लिहायचे काम माझ्याकडे आले.

माझ्या कॉलेजचे ते शेवटचे वर्ष. आणीबाणी उठून दोन वर्षे झाली असतील. दिवाळीच्या सुट्टीत मी आत्याकडे गेलो. ती एका पाटीदाराच्या घराच्या ओसरीलगत राहत असे. त्या घरच्या धाकट्या सुनेने मला लांबूनच पाहिले.

"लो, कागदवाला भिया अई ग्या!" ती आत ओरडली. "नर्सबाई, तमारा भतीजा को चाय पिलाऊं के स्याही?"

ती माझ्याच वयाची असेल. तोंडाची फटकळ, सगळ्यांची टर उडवणारी. सासूसमोर घुंघट ओढायची आणि घुंघटातून बोलायची. आत्यावर तिचा फार जीव. त्या घरची मोठी सून, म्हणजे हिची जेठाणी, आदल्या पावसाळ्यात बाळंतपणात गेली होती.

आत्याने मला ओसरीवर बसवले आणि म्हणाली, "मी सांगते तसं लिही." तिने सात बायका सांगितल्या. कागदात बघून नव्हे, तोंडाने. प्रत्येकीचे नाव, नवऱ्याचे नाव, कोणता महिना होता, नाल्याला किती पाणी होते, खाट कुठपर्यंत नेली होती. एकीबद्दल ती म्हणाली, "ही खाटेवर माझ्याशी बोलत होती. घरी म्हशीला पाणी दाखवा म्हणाली. मग बोलली नाही." मी लिहीत होतो. हे लिहायचे का, असे विचारायला माझी जीभ उचलली नाही.

सातवी जेठाणी. धाकटी सून चहा घेऊन आली होती, ती तिथेच थांबली.

"म्हारी जेठाणी को नाम लिख्यो के नी, भिया?"

"लिख्यो," मी म्हणालो. आणि तेव्हा ते खरे होते.

"साफ अक्षर में?"

मी वही तिच्याकडे वळवली. तिला वाचता येत नव्हते. तिने त्या ओळीकडे बराच वेळ पाहिले आणि मान हलवली. जाताना म्हणाली, "खोली बणेगी तो सबसे पेलां म्हूं रूंगी उणमें. देखजो." खोलीत सगळ्यांआधी तीच राहणार होती.

मंडळाचे चिटणीस म्हणजे ते वृद्ध गृहस्थ. संस्थानच्या काळात त्यांनी दरबारच्या दफ्तरात नोकरी केली होती. घरात सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणू लागलो. फार सज्जन माणूस. मंडळासाठी पायाला भिंगरी लावून हिंडत, एक पैसा घेत नसत. माझा कच्चा मसुदा वाचून ते पोट धरून हसले.

"अरे, 'खोली बनवून दिली जावी' हे काय? तुझ्या मराठीला इंदूरच्या बसचा धूर लागलाय रे!"

मग त्यांनी मला शिकवायला घेतले. रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडे जायचो. अर्जाचा मायना कसा असतो, कोणाला 'सेवेशी' लिहायचे, कोणाला 'राजमान्य राजश्री', विनंती कुठे येते, आशीर्वाद कुठे. मला ते सगळे फार मोठे वाटायचे. आमच्या घरी पत्र येई ते पोस्टकार्ड, त्यात पाच ओळी. इथे भाषेला उंबरठा होता, आणि मला त्या उंबरठ्याच्या आत घेतले जात होते. खरे सांगायचे तर पुढे जे झाले त्यात या सुखाचाही हात आहे.

पाचव्या-सहाव्या दिवशी अर्ज तयार झाला. वर मध्यभागी 'श्री'. काकांनी चष्मा नाकावर सरकवला आणि सात बायकांच्या पानाशी थांबले.

"हे काढ."

"काका, हीच तर मुख्य..."

"बाळ, श्रीकार घातलेल्या कागदावर मृत्यू लिहीत नाहीत. वर श्री आणि खाली सात-सात प्रेते? समोरच्याच्या हातात हा कागद पडणार. मागायला निघालोय आपण. अशुभ घेऊन जायचं?"

मी काय म्हणणार होतो? ही रीत आमच्या घरीही होती. मृत्यूची बातमी असलेल्या पत्रावर श्री नसतो. असे पत्र आले की आई ते घरात आणू देत नसे. दाराबाहेरच वाचायचे आणि फाडून टाकायचे. एवढी मोठ्या घरची माणसे आणि आमची आई, दोघांची रीत एकच, हे पाहून मला उलट बरेच वाटले. मी धीर करून विचारले, "मग श्रीच गाळला तर?"

काका माझ्याकडे असे बघत राहिले की मी लगेच म्हणालो, "नाही, काढतो."

त्या जागी काकांनी स्वतः वाक्य सांगितले. ते मला अजून पाठ आहे. 'वर्षाऋतूत नाल्यास पूर येत असल्याने प्रसूतिसमयी स्त्रीवर्गास किंचित गैरसोय सोसावी लागते.' आणि शेवटी, 'आपल्यासारख्यांच्या पुण्याईने मंडळाचे कार्य सुरळीत चालू आहे.' अक्षर माझे होते. मी ते फार सुंदर काढले होते.

पुढच्या रविवारी आत्याने विचारले, "सातही लिहिल्यास ना?"

"हो," मी म्हणालो.

आतून धाकट्या सुनेने विचारले, "म्हारी जेठाणी?"

"लिख्यो," मी म्हणालो. आता ते खोटे होते.

संस्थेची बैठक वर्षातून एकदा, माघात होत असे. उत्तर होळीच्या सुमारास आले. मंडळाचे कार्य सुरळीत चालू असल्याचे वाचून समितीला समाधान वाटले होते. गैरसोयीची समितीने सहानुभूतीने नोंद घेतली होती. मात्र निधी मर्यादित असल्याने, जिथे जीविताचा प्रश्न आहे अशा ठिकाणांना अग्रक्रम द्यावा लागतो, तरी क्षमस्व. अर्जाची भाषा व हस्ताक्षर यांबद्दल एका सदस्यांनी मुद्दाम कौतुक कळवले होते.

काकांनी ते पत्र दोनदा वाचले. कौतुकाची ओळ त्यांनी मोठ्याने वाचली नाही. मग म्हणाले, "आपलं चुकलं का रे?" त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते, आणि मला हो म्हणवले नाही.

आत्याकडे पत्र घेऊन गेलो तेव्हा ती चुलीवर कात्री आणि दोरा उकळत होती. पत्र मीच वाचून दाखवले. तिने ऐकले आणि म्हणाली, "जीविताचा प्रश्न आहे अशा ठिकाणांना. मग सात बाया कमी पडल्या का त्यांना? किती लागतात?"

तेव्हा मला सांगावे लागले. श्रीचे, काकांचे, सगळे. स्वतःच्या 'हो'चे शेवटी.

ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने चिमट्याने कात्री, मग दोरा बाहेर काढून फडक्यावर ठेवला. आणि म्हणाली, "मी तुला कॉलेजात घातलं ते कशासाठी रे? गावात सगळे मुके आहेत म्हणून. तर तूही..." तिने फडके दुमडले. मग म्हणाली, "परत लिही. आजच. आणि वर श्री नको."

धाकटी सून ओसरीच्या खांबाशी उभी होती. मराठी तिला पुरते समजत नसे, पण एवढे समजले होते. मी मान वर केली नाही.

"तो नाम नी भेज्यो," ती म्हणाली. माझ्या उत्तरासाठी थांबली नाही. "चोखो कर्यो, भिया. म्हारी जेठाणी असी बी घणी सरमाती थी."

चांगले केलेस, ती असेही फार लाजायची, असे ती म्हणाली. ती हसत होती की नाही हे घुंघटामुळे दिसले नाही. मला ती दोन जिवांची असल्याचे त्याच दिवशी कळले. आत्याने बोटांवर महिने मोजून सांगितले, "हिचं श्रावणात. अगदी भर पुरात."

दुसरा अर्ज घेऊन मी काकांकडे गेलो. श्री नव्हता. पहिल्या ओळीपासून सात बायका होत्या, आत्याने सांगितल्या तशा. म्हशीला पाणी दाखवा म्हणणारीसुद्धा. काकांनी तो हातात घेतला नाही, टेबलावर ठेवायला सांगितला आणि वाकून वाचला. त्यांचे ओठ हलत होते.

"हे मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "म्हणजे, आकडा ठाऊक होता." मग त्यांनी सही केली. सही झाल्यावर आत जाऊन हात धुऊन आले. मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही.

उत्तर जूनमध्ये आले. या वेळी पत्राची भाषा वेगळी होती. समितीच्या अध्यक्षांनी स्वतः लिहिले होते. वाचून सर्व सदस्य अस्वस्थ झाले. ही माहिती पहिल्या अर्जात असती तर माघातल्या बैठकीतच रक्कम मंजूर झाली असती, यात शंका नाही. आता या वर्षीचा निधी वाटून झाला आहे. आपला अर्ज पुढच्या माघातल्या बैठकीत पहिल्या क्रमांकावर ठेवत आहोत. कृपया निश्चिंत असावे.

निश्चिंत असावे. मी ते पत्र आत्याला वाचून दाखवले तेव्हा आभाळ भरून आले होते. धाकटी सून जात्यापाशी बसली होती. आत्या तिला माहेरी पाठवू बघत होती. म्हणाली, "तू आषाढ में ही पीहर चली जा. तेरा पीहर सड़क पे है."

"सासू नी जावा दे," ती म्हणाली. पेरणीचे दिवस होते. "बोनी को टेम है. म्हूं जऊं तो रोटी कुण सेकेगा? तमारो भतीजो?" मग माझ्याकडे वळून, "क्यों भिया, रोटी सेकतां आवे? के फगत नाम काटतां आवे?"

सगळे हसले. सासूसुद्धा हसली. मीही हसलो असेन.

बी.ए.चा निकाल लागला, मी पास झालो. श्रावणात देवासच्या एका कारखान्याच्या ऑफिसातून मुलाखतीचे बोलावणे आले. मी आत्याला कळवले, आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिचे पोस्टकार्ड आले. वर श्री. 'इकडील सर्व क्षेम. मुलाखत नीट दे. देवाला नारळ फोड. घाई करून इकडे येऊ नकोस, नाल्याला पाणी आहे.' मी ते कार्ड खिशात ठेवून मुलाखतीला गेलो. मला कारकुनाची जागा मिळाली. वडिलांनी कारखान्याच्या फाटकाशी पेढे वाटले. त्यांच्या पाळीतले लोक मला 'बाबूजी' म्हणू लागले आणि वडील ते ऐकत उभे राहायचे.

नवी नोकरी, रजा नाही. आत्याला मी दोन पत्रे लिहिली. दोन्हींत शेवटी विचारले, 'धाकट्या सुनेला काय झाले? मुलगा की मुलगी?' उत्तरे आली. दोन्हींवर श्री होता, दोन्हींत क्षेम होते, आणि या प्रश्नाचे उत्तर नव्हते. दिवाळीला ती देवासला आली नाही. गावात बाळंतपणे आहेत, असे कळवले. मला काही वाटले नाही. खरेच काही वाटले नाही, याचेच आता नवल वाटते. ज्याने स्वतः श्रीखालून सात बायका पुसल्या होत्या त्याला श्रीखालचे कोरे कळू नये?

फाल्गुनात काकांचे कार्ड आले: मंजुरी आली, ये. मी पहाटेच्या बसने इंदूरमार्गे धारला पोचलो. काकांनी संस्थेचे पत्र माझ्या हातात दिले. आम्ही मागितली होती ती सगळी रक्कम होती, वर पाण्याच्या टाकीसाठी वेगळी. मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"तूच घेऊन जा आत्याकडे," ते म्हणाले. "मी येत नाही. गुडघे दुखतात." माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. मला वाटले, पहिल्या अर्जाची लाज वाटत असेल.

नाल्यात पाणी नव्हते. अलीकडच्या काठावर आत्याने जूनच्या पत्रानंतरच खोलीसाठी चार खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या, त्यांना सुतळी बांधली होती. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो. मग पलीकडे गेलो. पाटीदाराच्या ओसरीवर कोणी ओरडले नाही. सासू एकटी गहू निवडत होती. मला पाहून ती उठून आत गेली.

आत्या बाहेर आली. मी पत्र पुढे केले. तिने ते घेतले, उलगडले नाही.

"धाकटी सून कुठाय?" मी विचारले. "तिला सांगतो. पहिली तीच राहणार होती."

"बस," आत्या म्हणाली.

मी बसलो नाही.

"श्रावणात गेली. तुझ्या मुलाखतीच्या आठ दिवस आधी. दोन दिवस नाला उतरला नाही. चौघे जण खाट धरून काठावर उभे होते, मी बरोबर होते. समोर खुंट्या दिसत होत्या. बस आली, थांबली, ड्रायव्हरने हातानेच विचारलं, आम्ही हातानेच नाही म्हटलं. बस गेली. मग संध्याकाळपर्यंत होती ती."

"तू श्री घालून लिहिलंस," मी म्हणालो. मला दुसरे काही सुचले नाही. "क्षेम लिहिलंस."

"तुझी मुलाखत होती," आत्या म्हणाली. "मग नोकरी नवी. शुभ कामाला निघालेल्या पोराला काय लिहू? तीनदा बिनश्रीचं कार्ड लिहायला घेतलं. नाही टाकवलं पोस्टात." मग तिने संस्थेचे पत्र उलगडले, वाचले, परत घडी केली. "मूल वाचलं. मुलगी आहे. आईच्या पीहरी, सडकेवरच्या गावात ठेवलीय."